आमची की आपली

ज्या वर्षी सेफेरिनाच्या धाकट्या लेकाचं, इसाबेलिनोचं, लग्न एकदा ठरलं, एकदा मोडलं आणि शेवटी त्याच मुलीशी झालं, त्या वर्षी यानिना आजीकडे राहायला आली. साल शहाण्णव. लग्नाचा मांडव अजून अंगणात उभाच होता. वरच्या ताडाच्या झावळ्या वाळून खडखडत होत्या आणि त्यांच्याखाली बसून सेफेरिनाची थोरली लेक ब्लासिदा आईला समजावत होती.

"काम मिळालंय ते त्यांच्याच घरात राहून करायचंय, आई. मालकीण म्हणते, मूल नको."

"मालकिणीला मूल नको तर नको. मला पाहिजे."

"पोरगी रमली तर राहू दे. नाहीतर ब्यूनोस आयरेसला नन्सचं वसतिगृह आहे, तिथं बोलून ठेवलंय मी. हिवाळ्यात येते, मग बघू."

"बघू काय त्यात? रमणार म्हणजे रमणार."

सेफेरिना ठसक्यात बोलली खरी, पण मनातून ती धास्तावलेली होती. तिनं सहा लेकरं वाढवली, त्यातली पाच नदीपलीकडे अर्जेंटिनात गेली ती गेलीच. इसाबेलिनोही बायकोला घेऊन सासऱ्याच्या जमिनीवर राहायला निघाला होता. एकट्या जिवासाठी मंडिओकाचे कंद उकडत बसायचं तिच्या जिवावर यायचं. ही पोर राहिली तर घराला घरपण राहील, आणि गेली तर संध्याकाळी बोलायला कोंबड्या. हे ती कुणाला सांगत नव्हती.

यानिना आठ वर्षांची होती. डोळे मोठे, आवाज लहान. जन्मापासून शहरात वाढलेली, स्पॅनिशशिवाय दुसरा शब्द ठाऊक नाही. ब्लासिदा तिच्याशी गावच्या ग्वारानी भाषेत कधी बोललीच नव्हती. का, असं आईनं विचारलं तेव्हा म्हणाली, "तिकडे आपली भाषा तोंडातून निघाली की लोक आधी पायातल्या चपला बघतात."

शाळा तांबड्या मातीच्या रस्त्याला जिथं वळण आहे तिथं. लांबट एकच खोली, त्यात सहा इयत्ता आणि शिकवायला सुनिल्दाबाई एकट्या. बाई शेजारच्या गावच्या, रोज फटफटीवरून यायच्या. येताना त्यांचा पांढरा अंगरखा मागं फुगायचा आणि पोरं ओरडायची, "आली, आली, कोबी आली!" बाईंना ते माहीत होतं. एकदा त्यांनीच फळ्यावर कोबी काढून खाली स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्या दिवसापासून ओरडण्यातली मजा संपली.

सेफेरिना त्याच शाळेत स्वयंपाक करायची. भिंतीमागं चुलीची पडवी होती, आणि पडवी नि वर्ग यांच्यामध्ये एक खिडकी, तिला दार नव्हतं. त्यामुळं घेवड्याच्या शेंगा सोलता सोलता तिला सहाही इयत्ता ऐकू यायच्या. तिची स्वतःची शाळा दुसरीतच सुटली होती. 'पाणी' हा शब्द ग्वारानीत उच्चारला म्हणून तिच्या वेळच्या मास्तरांनी तिला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावलं होतं. घरी येऊन तिनं आईला सांगितलं, पाणी मागायला शाळेत कशाला जाऊ, विहीर घरी आहे. आता त्याच भाषेत पहिलीची पोरं अक्षरं गिरवत होती. सेफेरिनाला ते ऐकून दर वेळी मजा वाटे, जसं एखादा चोर राजरोस पुढच्या दारानं घरात शिरावा.

सुनिल्दाबाईंची रीत अशी की मोठ्यानं लहानाला शिकवायचं. "मला तोंडं सहा नाहीत," त्या म्हणत, "पण तुम्ही इतके जण आहात की." तिसरीचं पोर पहिलीच्या पोराजवळ बसून त्याचं बोट धरायचं. पाणी भरायला एक टोळी, घंटा वाजवायला एक. घंटा म्हणजे झाडाला टांगलेला जुना नांगराचा फाळ. भाजीच्या वाफ्यांची कारभारीण होती चौथीतली निमिया. ही पोरगी दिसायला काटकुळी, पण तिची जीभ कोयत्यासारखी. तिचा धाकटा भाऊ देर्लिस पहिलीत. तो निमियाला जितका भ्यायचा तितका बाईंना भ्यायचा नाही.

पहिले काही आठवडे यानिना गप्प राहिली. पोरं वाईट नव्हती, तिला मध्ये बसवत, भाकर देत. पण खेळ आणि भांडणं सगळी ग्वारानीत, आणि त्या भाषेचं टोक तिच्या हाती लागेना. सेफेरिना हे खिडकीतून बघायची.

संध्याकाळी शेंगा सोलताना ती नातीला प्रार्थना शिकवू लागली. दुसरं काय शिकवणार? तिला गाणी येत नव्हती आणि गोष्टी सगळ्या भुतांच्या होत्या.

"ओरे रु..." सेफेरिना म्हणायची.

"ओरे रु," यानिना म्हणायची. "म्हणजे काय, आजी?"

"आमच्या बापा."

"रु म्हणजे बाप?"

"हो."

"मग ओरे म्हणजे आमचा."

"शहाणी गं माझी बाय!" सेफेरिनानं तिच्या गालावरून हात फिरवला. तिला वाटलं, पोरगी शिकली. आणि पोरगी शिकलीच होती, अर्धं.

दुसऱ्याच दिवशी वाफ्यांवर पाणी घालायची वेळ होती. कोवळी कोबी रांगेनं उभी, ऊन मऊ, आणि सगळी पोरं बादल्या घेऊन आलेली. यानिनानं रात्री अंथरुणात घोकलेलं वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं. मग निमियासमोर उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आयुष्यातलं पहिलं ग्वारानी वाक्य बोलली. तिला म्हणायचं होतं, आपली शाळा किती छान आहे. ती म्हणाली, "आमची शाळा किती छान आहे!"

बादल्या थांबल्या.

स्पॅनिशमध्ये दोन्हीला एकच शब्द. ग्वारानीत तसं नाही: ऐकणाऱ्याला कवेत घेणारं 'आपलं' म्हणजे न्यांदे, आणि त्याला कुंपणाबाहेर ठेवणारं 'आमचं' म्हणजे ओरे. देवाशी बोलताना देवाला काही आपल्यात धरत नाहीत, म्हणून प्रार्थनेत ओरे. पण कालच्या आलेल्या पोरीनं जुन्या पोरांच्या तोंडावर ओरे म्हणणं म्हणजे पाहुण्यानं घरधन्याला विचारणं, की तुम्ही इथं कसे?

"तुमची?" निमिया म्हणाली. "आणि आम्ही कोण गं? कोबी?"

"बाजूला व्हा रे, मालकीणबाई आल्यात!" कुणीतरी मागून ओरडलं.

"मालकीणबाई, पाणी घालू की नको?"

"मालकीणबाई, हे गवत तुमचं की आमचं?"

यानिनाला एवढंच कळलं की सगळे हसताहेत आणि हसणं गोड नाही. आपण कुठं चुकलो ते मात्र तिला कळेना. तिनं बादली खाली ठेवली, आणि त्या दिवशी पुन्हा तोंड उघडलं नाही. जेवणातही नाही.

देर्लिस ताट घेऊन पडवीत आला तेव्हा सेफेरिनानं त्याला गाठलं.

"काय झालं रे माझ्या पोरीला?"

"ती म्हणाली शाळा तिची आहे," देर्लिस तोंडात घास घेऊन म्हणाला. "आमची नाही, तिची. तिनं विकत घेतली का, न्या सेफे?"

तिथं मोठ्या बायकांच्या नावाआधी न्या लावतात, तशी ती सगळ्या पोरांची न्या सेफे. पण त्या क्षणी तिच्यात मोठेपणाचं काही उरलं नव्हतं. हातात पळी घेऊन ती तडक वाफ्यांकडे निघाली.

"कुठं आहे ती निमिया? जीभ लांब झालीय ना तिची, आखूड करून देते!"

सुनिल्दाबाई दारातच आडव्या आल्या.

"न्या सेफे, पळी खाली ठेवा."

"माझ्या नातीला मालकीण म्हणतात!"

"म्हणू देत. भांडण त्यांचं आहे, तुमचं नाही. तुम्ही तोडलंत तर अर्धवट तुटेल आणि अर्धवट तुटलेलं जास्त टोचतं." मग बाईंनी यानिनाला जवळ घेतलं आणि स्पॅनिशमध्ये हळूच विचारलं, "ओरे हा शब्द तुला कुठं सापडला?"

"देवाकडे," यानिना म्हणाली.

बाईंनी सेफेरिनाकडे पाहिलं. सेफेरिनाच्या डोक्यात उजेड पडला आणि तिनं पळी खरोखरच खाली ठेवली. आधी तिला हसू फुटलं, मग लाज वाटली, मग पुन्हा हसू आलं. "अरे देवा! म्हणजे मीच की." देव आणि कोबी यांच्यात फरक करायला आपण पोरीला शिकवलंच नाही.

"आता सांगा पोरांना," ती म्हणाली, "की ती चुकली."

"सांगते. पण सांगितलेलं कानापर्यंत जातं, न्या सेफे. खाली उतरायला वेळ लागतो."

बाईंनी सांगितलं. पोरांनी ऐकलं. दोन दिवसांनी मालकीण हे नाव पुन्हा सुरू झालं. ब्लासिदाचा निरोप आला होता, हिवाळ्याच्या सुट्टीत येते; तिकडे हिवाळा जून-जुलैत पडतो. सेफेरिनाचा जीव टांगणीला लागला. पोरगी अशी मुकी राहिली तर ब्लासिदा काही ऐकायची नाही, पिशवी भरेल आणि नेईल.

मग बाईंनी दोन गोष्टी केल्या. पहिली अशी, की यानिनाला निमियाच्या शेजारी बसवलं.

"हिला ग्वारानी तू शिकवायची," त्या निमियाला म्हणाल्या.

"मीच का?"

"कारण तुझी चांगली आहे. आणि तुझी स्पॅनिश ही शिकवेल."

"माझी स्पॅनिश चांगली आहे, बाई."

"असं? 'गाय आली' म्हण बघू."

"तो गाय आला," निमिया ठामपणे म्हणाली.

यानिनाच्या तोंडून हसू निसटलं. किती दिवसांनी. निमियानं तिच्याकडे डोळे वटारले, मग विचारलं, "काय चुकलं?" ग्वारानीत गाईला आला-आली काही लागत नाही, आणि टेबलाला, झाडाला, चंद्राला तर मुळीच नाही. स्पॅनिशमधल्या प्रत्येक वस्तूला बाई की बाप्या हे पाठ करावं लागतं म्हटल्यावर निमिया वैतागली. "ह्यांना कामधंदा नाही का दुसरा? टेबलाचं लुगडं वर करून कोण बघतं?" सेफेरिना खिडकीपलीकडे इतकी हसली की दूध उतू गेलं.

त्या दिवसापासून त्या दोघींचा सौदा जमला. मैत्री नाही, सौदा. एक चूक तू काढायची, एक मी. यानिनाला पाढे बिनचूक यायचे, म्हणून देर्लिसही सरकत सरकत तिच्या बाकावर आला. निमिया वाफ्यात तण काढायला तिला घेऊन जायची आणि प्रत्येक रोपट्याचं नाव तिच्याकडून वदवून घ्यायची. चुकलं तर एक बादली पाणी जास्त.

दुसरी गोष्ट बाईंनी जूनमध्ये केली. संत हुआनचा सण तोंडावर आला होता. त्या दिवशी गाव शाळेत गोळा होतं. बाई म्हणाल्या, रस्त्याकडच्या भिंतीला चुना मारू आणि वर मोठ्या अक्षरांत शाळेचं नाव रंगवू, ग्वारानीत. आणि त्यांनी फळ्यावर स्पॅनिशमध्ये दोनच शब्द लिहिले. त्यांचा अर्थ आमची शाळा होतो, आणि आपली शाळाही होतो.

"आता तुम्ही ठरवा, भिंतीवर ओरे लिहायचं की न्यांदे."

"तुम्ही सांगा ना, बाई."

"मी कशी सांगू? मी पलीकडच्या गावची."

एवढं म्हणून त्या खुशाल खिडकीपाशी आल्या आणि सेफेरिनाकडे मटेच्या पानांचा काढा मागून पीत उभ्या राहिल्या. वर्गात रणकंदन माजलं.

"ओरे!" निमिया म्हणाली. "वाफे कोण खणतं? आम्ही. पाणी कोण भरतं? आम्ही. म्हणून आमची."

"पण भिंत कोण वाचणार?" सहावीतल्या एकानं विचारलं. "रस्त्यावरून जाणारा. त्याला 'आमची' म्हटलं म्हणजे तू चालता हो म्हटल्यासारखं."

"होऊ दे चालता. रस्ता त्यासाठीच असतो."

"आईनं ह्या शाळेच्या विटा वाहिल्यात," देर्लिस म्हणाला. "मग आई पण चालती?"

निमियानं तो मुद्दा सोडून दिला. घरी आईला तोंड द्यायचं होतं.

"आणि आमचा कुत्रा?" देर्लिसला चेव आला होता. "तो रोज येतो शाळेत."

"कुत्र्याला वाचता येत नाही, गाढवा."

"मला तरी कुठं येतं?"

सगळे हसले. त्या हसण्यात यानिनानं हात वर केला. सेफेरिनाच्या हातातला चमचा तिथंच थांबला.

"भिंतीवर ओरे लिहिलं," यानिना ग्वारानीत अडखळत म्हणाली, "तर मी भिंतीच्या कुठल्या बाजूला?"

कुणी हसलं नाही. पोरं निमियाकडे बघू लागली, कारण शेवटी उत्तर तिनंच द्यायचं होतं. बाई काढा पीत होत्या. सेफेरिनाला वाटलं, ह्या बाईला हृदय आहे की धोंडा, आता तरी बोल! पण बाईंनी आणखी काढा मागितला.

निमियानं नाक खाजवलं. ती पोरगी तिखट होती, पण खोटी नव्हती.

"तू चुना मारलायस?"

"नाही."

"मग आधी मार. मग विचार."

बरोबर की चूक कोण जाणे, पण त्या दुपारी यानिनानं कोपरापर्यंत हात पांढरे करून भिंतीला चुना मारला. तिच्या शेजारी निमिया होती. दोघींनी मिळून देर्लिसलाही थोडा मारला. संध्याकाळी हात वर करून मतं घेतली तेव्हा न्यांदे जिंकलं. निमियानं शेवटी हात वर केला, आणि म्हणाली की आईमुळे. अक्षरं आखायचं काम यानिनाकडे आलं, तिचं वळण चांगलं म्हणून. न्यांदेच्या पहिल्या रोमन अक्षरावर जी लाटेसारखी खूण काढावी लागते ती तिनं एवढी मोठी काढली की लांबून बघणाऱ्याला वाटावं भिंतीवर बगळा बसलाय.

संत हुआनच्या दिवशी गावभरची माणसं आली. मंडिओकाच्या पिठाची जाड धिरडी तव्यावर चढली, शेकोट्या पेटल्या. शाळेच्या अंगणात चरबी चोपडलेला खांब उभा केला होता, वर टोकाला बक्षिसाची पिशवी बांधलेली. पोरांसाठी म्हणून तो बेताच्या उंचीचा, पण बुळबुळीत म्हणजे मासळीसारखा. एकेकट्यानं चढून सगळे घसरले. मग निमियानं हुकूम सोडला. थोरली पोरं खाली, त्यांच्या खांद्यावर ती स्वतः आणि तिच्या खांद्यावर यानिना, कारण यानिना सगळ्यांत हलकी.

नेमकी त्याच वेळी ब्लासिदा बसमधून उतरली. सुट्टी लवकर मिळाली होती आणि निरोप पाठवायला वेळ नव्हता. हातात मोकळी पिशवी. पोरीचे कपडे भरायला आणलेली. सेफेरिनानं ती पिशवी आधी पाहिली, लेकीचं तोंड मागाहून.

"कुठाय ती?" ब्लासिदानं विचारलं.

सेफेरिनानं खांबाकडे बोट केलं. वर एक पोरगी लोंबकळत होती, शाळेचा अंगरखा चरबीनं काळा, दात दिसताहेत, आणि खालून निमिया ओरडत होती, "हात लांब कर, हात! तुझा हात आहे की शेंग?" बक्षिसाची पिशवी सुटली, सगळा मनोरा कोसळला, आणि त्या ढिगाऱ्यातून खाऊची वाटणी सुरू झाली.

"यानिना!" ब्लासिदानं हाक मारली.

पोरगी धावत आली, आईच्या कमरेला मिठी मारली, आईच्या कपड्यांची पार दैना केली. शहरातला झगा पार बाद. ब्लासिदा हसली, रडली, आणि मग स्पॅनिशमध्ये म्हणाली, "तुला न्यायला आलेय. यायचं का?"

यानिनानं मागं वळून पाहिलं. निमिया आणि देर्लिस तोंडात खाऊ धरून उभे होते. मग तिनं आईला उत्तर दिलं, आणि ते ग्वारानीत दिलं.

"शुक्रवारी आम्ही कांदे लावणार आहोत."

आम्ही. ओरे. ह्या खेपेला चूक नव्हती. ब्लासिदा त्याच भाषेत जन्मलेली, तिला तो शब्द जसा होता तसा ऐकू आला: हे सगळे आत, आणि मी बाहेर. तिचा चेहरा उतरला. ज्या भाषेपासून पोरीला जपलं त्या भाषेनंच पोरीनं तिला दाराबाहेर उभं केलं होतं. सेफेरिनाला लेकीची कणव आली. लेकीवर मात करायची नव्हतीच तिला, फक्त नात ठेवायची होती.

"हिच्याशिवाय नाही जमायचं, काकू," निमिया पुढं येऊन म्हणाली. "रांगा सरळ आखायला हीच लागते. बाकीचे कांदे पेरतात की फेकतात कळत नाही."

"आणि माझे पाढे सातापर्यंतच झालेत," देर्लिस म्हणाला.

ब्लासिदा पिशवीचे बंद पिळत राहिली. तेव्हा यानिनानं आईचा हात धरून ओढला.

"आधी धिरडी खाऊ ना आपण. आजीनं केलीत. चल ना, आपण तिघी."

आपण, म्हणाली. न्यांदे. ब्लासिदानं नाक ओढलं, मोकळी पिशवी घडी करून आईच्या हातात दिली आणि म्हणाली, "हिची स्पॅनिश बिघडली तर तुला सांगते, आई."

"बिघडते कशाची! तिकडे बघ, अख्खी चौथी सुधारलीय तिनं. गाय आता आली म्हणतात."

तिघी चुलीपाशी बसून धिरडी खात राहिल्या. धूर डोळ्यांत जात होता, म्हणून कोण कशानं डोळे पुसतंय ते विचारायची गरज नव्हती. थोड्या वेळानं सुनिल्दाबाईही ताट घेऊन आल्या आणि ब्लासिदाला म्हणाल्या, "तुमच्या पोरीनं भिंतीवर बगळा काढलाय, पाहिलात का?"

ब्लासिदा त्या आठवड्याच्या शेवटी परत गेली. जाण्याआधी शुक्रवारी तिनं कांद्याची एक अख्खी रांग लावली, आणि ती निमियाला पसंत पडली नाही म्हणून उपटून पुन्हा लावली. यानिना त्या शाळेत सहावीपर्यंत शिकली. तिचं आणि निमियाचं आठवड्यातून एकदा भांडण व्हायचं, दोन्ही भाषांत.

सेफेरिना दोन हजार एक सालच्या ऑगस्टमध्ये, थंडीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी आपल्या घरी वारली. तेव्हा यानिना तिच्याजवळ होती.